पहिला पगार आठव्या महिन्यात : इचलकरंजीहून एडिटिंगसाठी मुंबईला निघालेल्या मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा बावीस वर्षांचा, इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरते. त्यानं कोल्हापुरात पदवी घेतली, शिकता शिकता लग्नाचे व्हिडिओ एडिट केले, हात चांगला बसला. आता मुंबईतल्या एका मालिकेच्या एडिट टीमकडून असिस्टंट म्हणून बोलावणं आलंय. पहिले तीन महिने फक्त कन्व्हेयन्स, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च, पुढचं ‘काम बघून ठरवू’. घरचे विचारतात पगार किती, तर सांगायला आकडा नाही. तो विचारतो, जाऊ का? आणि आमच्यासारख्या घरातल्या पोरानं या धंद्यात टिकायचं कसं?

मी वीसहून जास्त वर्षं एडिटिंग करतोय. मालिका केल्या, सिनेमे केले, आता वेबसिरीज करतो. असिस्टंट निवडायचं कामही माझ्याकडे येतं, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तुझ्या कामाबद्दल मला काळजी नाही. लग्नाचं सहा तासांचं फुटेज बसून पाहणारा आणि त्यातून वीस मिनिटं काढणारा मुलगा मालिकेच्या एडिटला घाबरत नाही. काळजी आहे ती हिशेबाची. म्हणून आधी हिशेबच करू.

समज, तू 1 जूनला रुजू झालास. जून, जुलै, ऑगस्ट फक्त कन्व्हेयन्स, म्हणजे महिन्याला फार तर 5 हजार. सप्टेंबरपासून 15-18 हजार ठरले असं धरू. सप्टेंबरचं बिल तू 30 तारखेला टाकणार. आपल्याकडे मालिकांत बहुतेक ठिकाणी पेमेंट 90 दिवसांच्या क्रेडिटवर असतं. म्हणजे डिसेंबरअखेर चेक निघेल आणि जानेवारीत पैसे खात्यावर येतील. पहिला खरा पगार आठव्या महिन्यात. तोवरचे सात महिने कॉट बेसिसची जागा, डबा, लोकलचा पास, फोन असं मालाड-गोरेगावकडे महिन्याला 18 हजार कुठेच गेले नाहीत. नालासोपाऱ्याला राहिलास तर भाडं वाचेल, पण रात्री दीडला पॅकअप झाल्यावर रिक्षात जाईल. डिपॉझिट धर, कन्व्हेयन्स वजा कर. मला हा आकडा सव्वा लाखाच्या आसपास दिसतो.

हा सव्वा लाख कोण भरणार? तुझ्या शेजारच्या मशीनवर बसणारा मुलगा डोंबिवलीचा किंवा पार्ल्याचा असेल. त्याला भाडं नाही, जेवण घरचं. त्याला हे सात महिने कंटाळवाणे जातील, एवढंच. तुझ्या घरात हे पैसे भिशी उचलून येतील, पतसंस्थेतून येतील किंवा आईच्या बचत गटाच्या नावावर निघतील. मायक्रोफायनान्सचा हप्ता दर आठवड्याला दारात उभा राहतो आणि निर्मात्याचा चेक 90 दिवसांनी निघतो. दोघं पोरं एकच एपिसोड कापतात, दोघांना सारखंच राबवलं जातं, पण एकाच्या डोक्यावर व्याज चढत असतं. मग आठ-दहा महिन्यांनी तोच गावी परत जातो आणि आमच्यातले लोक म्हणतात, त्याच्यात चिकाटी नव्हती. हे वाक्य मी एडिट सूटमध्ये इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा मनापासून राग येतो. चिकाटी पुष्कळ होती, पैसे संपले.

तुझ्या वडिलांचं काम कष्टाचं आणि मजुरी कमी, हे मला माहीत आहे. तरी त्या कामातली एक गोष्ट बघ. इचलकरंजीत 52 पिकाला (पीक म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांचं माप) मीटरमागे किती पैसे, हा दर गावाला माहीत असतो. त्यासाठी मोर्चे निघालेत, संप झालेत, वाटाघाटी झाल्यात. दर कमी असेल, पण तो दर आहे, आणि मजुरी आठवड्याला हातात पडते. तू ज्या धंद्यात येतोयस तिथे असिस्टंट एडिटरचा दर कुणी मोठ्यानं बोलत नाही. प्रत्येकाला वेगळा आकडा सांगतात आणि वर बजावतात, कुणाला सांगू नकोस. त्यामुळे इथे आल्यावर आधी दर विचारायला शीक. आपल्या बरोबरीच्या पाच असिस्टंटना विचार, आपला सांग. यात कसलाही कमीपणा नाही.

कला आली की असुरक्षितता आलीच, असं तुला पुष्कळ जण सांगतील. तू कोल्हापूर जिल्ह्यातला आहेस, म्हणून जरा मागचं सांगतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तुझ्याच जिल्ह्यात उभी राहिली. तिथूनच पुढे आलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी 1929 मध्ये कोल्हापुरात सीताराम कुलकर्ण्यांच्या साथीनं प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये ती पुण्याला गेली. तिथे कामाला असलेले सुतार, रंगारी, शिंपी, लॅबमधली माणसं, नट, सगळे महिन्याच्या पगारावर होते. कारागिरांच्या घरातली माणसं सिनेमात आली आणि टिकली, त्यामागे हा पगार होता. प्रभातच्याच जागेवर 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पगारी स्टुडिओंची पद्धत मोडली आणि सिनेमावार करार आले, तेव्हापासून मधल्या रिकाम्या महिन्यांचा बोजा काम करणाऱ्यावर आला.

रंगभूमीचंही तेच. गिरणगावातली माणसं पाळी करून संध्याकाळी तालमीला उभी राहायची. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून, परळच्या दामोदर नाट्यगृहातून किती तरी लोक पुढे आले. नारायण सुर्वे गिरणीत होते. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. एक मोठी पिढी बँक, बेस्ट, रेल्वे, मंत्रालय इथल्या पगारावर उभी राहिली. नाटक पडलं तरी चूल पेटायची. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटला, पुढे बँकांतली भरती आटली, आणि कामगारांच्या पोरांना कलेत यायला जो पाया होता तोच गेला. आता सगळे म्हणतात, पूर्ण वेळ झोकून दे. झोकून द्यायला खाली काहीतरी असावं लागतं, ते आज फक्त काही घरांकडे उरलंय.

90 दिवस कुठून आले, तेही समजून घे, म्हणजे कुणावर रागवायचं ते कळेल. चॅनल निर्मात्याला टेलिकास्टनंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी पैसे देतं. निर्माता मधल्या काळाचं भांडवल स्वतः उभं करत नाही, तो ते खालच्या माणसांकडून बिनव्याजी वापरतो. म्हणजे मालिका चालवायला लागणाऱ्या पैशातला काही भाग मेकअपदादा, साउंडवाला आणि असिस्टंट एडिटर यांच्याकडून उधारीवर आलेला असतो. त्यातून दर गुरुवारी रेटिंग येतं. आकडे पडले की मालिका गुंडाळायचा निर्णय होतो आणि युनिटला पंधरा दिवस आधी कळलं तर नशीब. मालिका बंद झाल्यावर थकलेली तीन महिन्यांची बिलं वसूल करणं हे या धंद्यातलं सगळ्यात जीव काढणारं काम आहे. ऑफिसातली माणसं बदललेली असतात, फोन उचलत नाहीत.

2020 च्या मार्चमध्ये 19 तारखेपासून चित्रीकरणं थांबली, तेव्हा हे सगळं उघडं पडलं. ज्यांची बिलं अडकली होती ते गावाला चालत निघाले नसतील, पण घरभाड्याला महाग झाले. सिने-कामगार संघटनांचं फेडरेशन आणि काही कलाकारांनी रेशन, थोडी रक्कम दिली, ती कामीही आली, पण ती मदत होती, मजुरी नव्हती. 2021 च्या एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा बंदी आली तेव्हा काही मराठी मालिका गोव्याला गेल्या. युनिट कापून नेली. कोणाला नेलं नाही? दुसरा-तिसरा असिस्टंट, जादाचे हेल्पर. मे महिन्यात गोव्यानंही परवानगी काढून घेतली. शिडीच्या खालच्या पायरीवरचा माणूस आधी सुटतो, तो असा.

आता तुझ्या हातात काय आहे ते बोलू.

पहिली गोष्ट कागद. 1981 मध्ये सिने-कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला आणि त्यात लेखी करार सक्तीचा होता. तो फीचर फिल्मपुरता होता, त्यामुळे मालिकावाले हात झटकायचे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ असा शब्द आला. त्यात टीव्ही मालिका, वेबसिरीज, रिॲलिटी शो सगळं धरलंय आणि लेखी कराराशिवाय कामावर ठेवायला मनाई आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. उद्या सकाळी प्रत्येक युनिटवर करार वाटले जातील असं मी म्हणत नाही. पण कागद मागणं म्हणजे आगाऊपणा, ही समजूत डोक्यातून काढून टाक. पानभर ईमेल चालेल. त्यात रक्कम, किती दिवसांत मिळणार, कामाचे तास, क्रेडिट (नामावलीत तुझं नाव कसं येणार) आणि मालिका मधेच थांबली तर काय, एवढं आलं पाहिजे. तोंडी बोलणं झालं तर रात्री तूच व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, “आज ठरल्याप्रमाणे असं असं”. समोरच्यानं नुसती होकाराच्या अंगठ्याची इमोजी पाठवली तरी तो पुरावा आहे.

दुसरी गोष्ट, जी आमच्यातल्या निम्म्या लोकांनी केलेली नाही, ती म्हणजे उद्यम नोंदणी. फ्रीलान्स बिल टाकणार असशील तर आधार आणि पॅनवर ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. कुणा एजंटला पैसे देऊ नकोस. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात अशा नोंदणीकृत माणसाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवायचं बंधन आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. करारात 90 दिवस लिहिले तरी कायदा 45 च मानतो. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. काम चालू असताना तक्रार केलीस तर ते काम बहुधा सुटेल, हेही सांगतो. ती वाट मालिका संपल्यावर, पैसे बुडायला लागल्यावर धरायची. पण नुसता नोंदणी क्रमांक बिलावर असला तरी फरक पडतो. आयकराच्या नियमात आता असं आहे की सूक्ष्म-लघु उद्योगांची मुदतीबाहेर थकलेली बिलं ज्या वर्षी चुकती होतील त्याच वर्षी खर्चात धरता येतात. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंटवाले अशी बिलं आधी काढतात. नोंदणी काम घेण्यापूर्वी कर, मागाहून केलेली उपयोगी पडेल याची खात्री नाही. आणि तुला पगारी नोकर म्हणून घेतलं, पीएफ कापला, तर हे लागू नाही. मग ते जास्तच चांगलं आहे.

टीडीएसचंही बघ. तुझ्या बिलातून दहा टक्के कर म्हणून आधीच कापले जातील. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरलं की ते परत मिळतात. 15 हजारांतले दीड हजार दर महिन्याला सरकारकडे पडून राहतात आणि पोरं रिटर्न भरत नाहीत, कारण ‘आपण कुठे टॅक्स भरणारे’. तीन वर्षांचे रिटर्न हातात असले की उद्या मशीनसाठी कर्ज काढायलाही ते चालतात.

युनियनचं कार्ड काढ. फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज 1956 पासून आहे आणि एडिटर, साउंड, कॅमेरा, लाइट, सेटिंग अशा प्रत्येक कामाची वेगळी संघटना त्यात येते. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये सगळा उद्योग बंद पडला तो मजुरी, थकबाकी आणि तासांवरूनच. कार्डाची फी सुरुवातीच्या मुलाला जड जाते. हप्ते मिळतात का ते ऑफिसात जाऊन विचार. संघटनांवर माझीही टीका आहे. फक्त सभासदांनाच काम द्या या अटीला स्पर्धा आयोगानं 2017 मध्ये चुकीचं ठरवलं, आणि ते बरोबर होतं, कारण त्या अटीनं बाहेरून येणारा तुझ्यासारखाच अडायचा. तरी थकलेल्या बिलासाठी तू एकटा फोन करणं आणि संघटनेचं पत्र जाणं, यात फार फरक आहे. मी स्वतःची एक मोठी थकबाकी अशाच पत्रानंतर वसूल केली.

तिसरी गोष्ट घरी सांगायला सोपी आहे. मालिकेच्या एडिट टेबलावरूनच सुरुवात केली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. चॅनलांच्या प्रोमो विभागात, न्यूज चॅनलमध्ये, जाहिरात एजन्सीत, मोठ्या यूट्यूब कंपन्यांत एडिटर महिन्याच्या पगारावर असतात, काही ठिकाणी पीएफसह. प्रोमो कापणाऱ्याला गोष्ट तीस सेकंदांत सांगायची सवय लागते आणि ती पुढे सिनेमात फार उपयोगी पडते. दीड-दोन वर्षं तिथे काढ, सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाक, मुंबई ओळखीची कर, मग मालिकेत किंवा सिनेमात ये. कुणी म्हणेल, नोकरीत अडकशील, आर्टिस्ट मरेल. वर सांगितलेल्या पिढीचं तसं काही झालं नाही.

फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा जरूर दे. सरकारी संस्थेत आरक्षण आहे, शिष्यवृत्त्या आहेत. लाखोंची फी घेणाऱ्या खासगी फिल्म स्कूलसाठी मात्र घर किंवा माग गहाण टाकू नकोस. तिथून बाहेर पडलेली मुलंही माझ्याकडे असिस्टंटच्याच जागेसाठी येतात.

आणखी दोन गोष्टी, ज्या तू विचारल्या नाहीस पण तुझ्या पत्रातून दिसल्या. तुझ्या बोलीची लाज बाळगू नकोस. सूटमध्ये कुणी ‘काय लावलंय’ची नक्कल करील. तू कोल्हापूरकडचा संवाद ऐकून चुकीचा उच्चार पकडशील, तेव्हा तोच माणूस तुला विचारायला येईल. या भागात घडणाऱ्या मालिका कमी नाहीत. आणि तुझ्या बरोबर येऊ पाहणाऱ्या मैत्रिणीबद्दल लिहिलंयस, तर तिच्यासाठी एक अट अधिक: रात्री उशिरा सुटलं तर घरी सोडायची गाडी कुणाची, हे पहिल्याच दिवशी विचारायचं. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘नखरे आहेत’ म्हणणारं ऑफिस असेल तर तिनं तिथे जाऊ नये.

हे उत्तर एडिटर, दिग्दर्शक, ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) असणारे माझे मित्रही वाचतील, म्हणून त्यांच्याशीही बोलतो. तीन महिने फुकट राबवून मुलगा ‘पारखता’ येतो हे मला मान्य नाही. एका दिवसात, एक सीन सिंक करायला, म्हणजे चित्र-आवाज जुळवायला, आणि कापायला दिला की हात कळतो, आणि त्या दिवसाचे पैसे द्यावेत. मी बजेट सांगतो तेव्हा असिस्टंटची रक्कम वेगळ्या ओळीत लिहितो आणि त्याचे पैसे त्याच महिन्यात निघाले पाहिजेत ही अट घालतो. काही कामं या अटीमुळे गेली, बरीच राहिली. चॅनलला 90 दिवस लागत असतील तर ते आपण सोसू शकतो. खोली भाड्यानं घेऊन राहणारा पोरगा सोसू शकत नाही. आपण हे करत नाही तोवर आपल्या एडिट सूटमध्ये ठरावीक घरांतलीच मुलं दिसणार, आणि पडद्यावरच्या गोष्टीही त्यांच्याच घरांतल्या राहणार.

आता तुझ्या बोलावण्याचं. नाही म्हणायच्या आधी त्यांना हा मेसेज पाठव:

“सर, तुमच्या टीममध्ये काम करायची मनापासून इच्छा आहे. मी बाहेरगावाहून येतोय, त्यामुळे तीन महिने बिनपगारी राहणं मला शक्य नाही. टेस्ट म्हणून एक दिवस काम करून दाखवतो. पसंत पडलं तर पहिल्या महिन्यापासून दरमहा किती आणि ते किती दिवसांत मिळतील, हे कृपया ईमेलवर कळवाल का? क्रेडिट ‘असिस्टंट एडिटर’ असं असेल ना?”

रक्कम कमी सांगितली, पण महिन्याच्या महिन्याला देतो म्हणाले, तर जा. 14 हजार वेळेवर मिळणं हे 20 हजार सात महिन्यांनी मिळण्यापेक्षा तुझ्यासाठी मोठं आहे. कन्व्हेयन्सचा काळ एका महिन्यावर आणला आणि पुढचं लिहून दिलं, तर घरी हिशेब मांड आणि लग्नाच्या कामातून साठलेले पैसे पुरत असतील तरच निघ. ‘तुझ्यासारखे पन्नास उभे आहेत’ असं उत्तर आलं तर जाऊ नकोस. तिथे थकबाकी मागायला गेलास तरी हेच वाक्य ऐकावं लागेल.

तसं झालं तर तुळशीच्या लग्नानंतरची सराई पूर्ण धर, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय एकही काम घेऊ नकोस, आणि त्याच वेळी मुंबईतल्या प्रोमो विभागांना तुझी दोन मिनिटांची शो-रील पाठवायला लाग. रीलमध्ये लग्नाचे ड्रोन शॉट नकोत. एखाद्या मागाच्या शेडमधली एक पाळी शूट कर आणि ती आवाजासकट कापून दाखव. सराई संपेपर्यंत कुठूनच उत्तर आलं नाही तर रील घेऊन दोन दिवसांसाठी मुंबईला ये. राहायची सोय आधी कर. मुलाखतींच्या वेळा ठरल्याशिवाय तिकीट काढू नकोस.